तपासणीचा रकाना

कुंडलिक आपल्या पायांनी चालत नसबंदीला आला, तेव्हा आमच्या केंद्रात कोणाचाच विश्वास बसला नाही. साल चौऱ्याऐंशी. आणीबाणी उठून सात वर्षं झाली होती, तरी घाटकोपरच्या आमच्या डोंगरावर तो शब्द काढला की पुरुष गल्ली बदलायचे. आमच्या जवळजवळ सगळ्या केसेस बायकाच. पोट त्यांचं, टाके त्यांचे, आणि घरी जाऊन सासूच्या शिव्या खायच्या त्याही त्यांनीच. मी नलिनी, त्या कुटुंब कल्याण केंद्रातली परिचारिका. वस्तीत मला सिस्टर म्हणत. दारोदार फिरून माणसं पटवायची आणि आलेल्यांचे कागद भरायचे, हे माझं काम. दहा वर्षांत माझ्या बोलण्याने एक पुरुष पटला नव्हता, आणि हा न बोलावता आला.

विक्रोळीच्या एका कारखान्यात तो लेथवर होता. मूळचा जालन्याकडचा. एक मुलगा, एक मुलगी.

"सिस्टर, शकुला दुसऱ्या बाळंतपणात लई त्रास झाला," तो म्हणाला. "आता परत तिच्या पोटावर सुरी कशाला? माझं तर दहा मिनिटांचं काम आहे म्हणतात."

मला त्याची दृष्ट काढावीशी वाटली. ऑपरेशन झालं, आणि मोठ्या डॉक्टरांनी त्याला जणू पदकच मिळालंय अशा थाटात सगळीकडे मिरवला. बुद्धविहारातल्या सभेत त्याला बोलायला उभा केला. तो म्हणाला, "बायकोवर जीव आहे म्हणता ना? मग दहा मिनिटं सोसा की." बायका हसल्या, पुरुष चपला शोधायला लागले. शकु मागे भिंतीला टेकून बसली होती, पदराने हसू लपवत. तिच्याइतकी सुखी बाई त्या दिवशी अख्ख्या डोंगरावर दुसरी नसेल.

आता कामाची एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नसबंदी झाली म्हणजे त्याच दिवसापासून माणूस मोकळा होत नाही. तीन महिने जपायचं, मग वीर्य बाटलीत घालून आणून द्यायचं. त्यात शुक्रजंतू दिसले नाहीत, तर ऑपरेशन पक्कं. वर्षाकाठी सरकारी पैशांसाठी चुकून दोन-चार पुरुष नसबंदीला यायचे, पण बाटली घेऊन आजवर एकही आला नव्हता. कोण येतो? कार्डावरचा तपासणीचा रकाना मात्र भरलेला लागायचा, मार्चअखेर वरून माणूस तपासायला यायचा. म्हणून आम्ही एका बैठकीत सगळी कार्डं भरून टाकायचो. थोडी निळ्या पेनने, थोडी काळ्या, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिलंय असं वाटावं. मला ही युक्ती माझ्या आधीच्या सिस्टरने शिकवली, आणि मी ती जयंतीला शिकवली. जयंती आमची मदतनीस, कुंडलिकच्याच गल्लीत राहणारी. आम्हाला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. आम्ही हसत-खेळत ते काम करायचो.

आणि हा शहाणा बाटली घेऊन आला.

पंच्याऐंशीच्या मार्चची अठ्ठावीस तारीख. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली त्याने माझ्या टेबलाच्या कडेला ठेवली आणि भिंतीवरच्या लाल त्रिकोणाकडे बघत म्हणाला, "सिस्टर, आणलंय."

सूक्ष्मदर्शकावर बसणारा आमचा तंत्रज्ञ त्या आठवड्यात भावाच्या लग्नाला गावी गेलेला. मी म्हणायला हवं होतं, आठ दिवसांनी परत घेऊन ये. ओठांवर आलं होतं. पण परत सांगायचं म्हणजे त्याला परत लाजायला लावायचं, आणि रजिस्टर तर परवा दाखवायचं. म्हटलं, ठेव तिथे. दुपारभर ती बाटली खिडकीत उन्हात होती. संध्याकाळी मी ती मोरीत ओतली आणि कार्डावर लिहिलं, "शुक्रजंतू आढळले नाहीत." खाली सही केली. दुसऱ्या दिवशी तो कार्ड न्यायला आला.

"म्हणजे आता बिनधास्त?"

"बिनधास्त," मी म्हटलं.

ऑगस्टमध्ये शकु आली. दोन महिने चुकले होते. तपासायची गरजच नव्हती, तिचा चेहराच सांगत होता.

"हे काही बोलत नाहीत, सिस्टर," ती म्हणाली. "एकदाच विचारलं, कोणाचं? मी म्हटलं, तुमचंच, दुसरं कोणाचं असणार? तर ट्रंकेतून ते कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. तेव्हापासून मानखुर्दला भावाकडे झोपतात. माझ्या दादाला पत्र टाकलंय, येत्या रविवारी येऊन घेऊन जा म्हणून. पोरं इथंच राहणार म्हणे." मग तिने माझा हात धरला. "मी कुठं जाते हो? नळावर, पोरांच्या शाळेत, नाहीतर भाजी आणायला. रोज कामावरून पोरांना बघायला येतात, तेव्हा पाय धरते ह्यांचे. खरं सांगा, ती तपासणी कधी चुकते का?"

तिथेच सांगायचं होतं. ती आणि मी, खोलीत तिसरं माणूस नव्हतं. मी म्हटलं, "चुकते गं. हजारात एखादी."

"मग ह्यांना सांगा ना. तुमचं ऐकतील. सिस्टरने सही केलीय, सिस्टरने सही केलीय, हेच धरून बसलेत."

"सांगते," मी म्हटलं, आणि गेले मोठ्या डॉक्टरांकडे.

त्यांनी आधी उठून दार लावलं. "नमुना तपासलाच नव्हता?"

"तंत्रज्ञ नव्हता, सर."

"हे मला कशाला सांगता? मला ऐकायचंच नाहीये. सही तुमची आहे, शिक्का माझा. चौकशी लागली तर दोघंही घरी बसू."  मग आवाज एकदम मऊ. "दोनच महिने झालेत ना? मोकळी करा तिला. लगेच तांबी बसवून टाका. तिचाही प्रश्न सुटेल, आणि तांबीची केस आपल्या कोट्यात धरता येईल."

"बरं, सर," मी म्हटलं. माझे मिस्टर गिरणीत होते. संपानंतर त्यांची गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही, आणि घरात पगार एकच होता, माझा. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिवसातून दहादा सांगत होते. आज सांगायची लाज वाटते, पण कारण खरं होतं.

शकुला मी बाकावर बसवून समजावलं. आधी हे मोकळं कर, डोकं शांत होऊ दे, मग मी कुंडलिकला नीट सांगते. इतक्या गोड आवाजात बोलले की माझीच मला कमाल वाटली.

 चौथी शिकलेली बाई. म्हणाली, "पण काढलं तर ह्यांना वाटेल ना, पाप होतं म्हणूनच काढलं?"

"असं काही वाटत नसतं."

"मूल ह्यांचंच आहे, सिस्टर. ह्यांनी मानलं असतं ना, तर मला ठेवायचं होतं."

"शकु, तू ऐक माझं."

"तुम्ही सांगाल ना पण? शपथ घ्या."

मी शपथ घेतली. गुरुवारी तिला मोकळी केली आणि तांबी बसवली. तिला तांबीचं कार्ड मीच करून दिलं, सुंदर अक्षरात. शुक्रवारी कुंडलिककडे जाणार होते, पण गेले नाही. शनिवारी केंद्रात लसीकरण होतं, ते मला बरंच झालं.

रविवारी सकाळी जयंती माझ्या घरी धावत आली. "सिस्टर, वाट लागली. काल कुंडलिक घरी आलेला. शकुने स्वतःच सगळं सांगितलं त्याला, कार्डपण दाखवलं. काही लपवलं नाही बिचारीने. तर हा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतोय. म्हणे, पाप नव्हतं तर पाडलंस कशाला? आणि माझं ऑपरेशन झालेलं असताना तुला तांबी कशाला? पुढची सोय करून आलीस?"

 शकुने विचारलं होतं तेच झालं, आणि वर तांबीची भर माझी. मिस्टर चहा पीत बसले होते, त्यांना काही न सांगता मी चपला घातल्या.

मी पोचले तेव्हा शकुचा भाऊ आलेला होता, खाटेवर अवघडून बसलेला. कुंडलिक खाली भिंतीला टेकून. दोन्ही कार्डं त्याच्या पुढ्यात होती, माझ्याच अक्षरातली. शकुने कपड्यांचं बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं. मुलं शेजारी पाठवलेली. तिने माझ्याकडे बघितलं, पण बस म्हणाली नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. तंत्रज्ञ नव्हता इथपासून मोरीत ओतलं इथपर्यंत. डॉक्टरांनी काय सांगितलं तेही. मूल काढायला मीच लावलं, तांबीही मीच बसवली, शकुची यात काडीची चूक नाही, हेही.  नोकरी गेली, असं मी मनात धरूनच चालले होते. तो अंगावर आला असता तरी मी हात वर केला नसता.

कुंडलिकने आपलं कार्ड उचललं. "म्हणजे तपासलंच नाही?"

"नाही."

"मग ते... माझंच होतं?"

"तुझंच."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतोय असं मला वाटलं. हात काढले तेव्हा चेहरा धुतल्यासारखा मोकळा झाला होता. "पाहुणे, ऐकलंत?" तो मेहुण्याला म्हणाला. "पंधरा दिवस जेवण गेलं नाही हो मला." मग माझ्याकडे वळला. "जाऊ द्या, सिस्टर. मनाला लावून घेऊ नका. होते माणसाकडून चूक. आम्हीपण महिनाअखेरीला न मोजता पीस पास करतोच की. तुम्ही स्वतः घरी येऊन कबूल केलंत, हा केवढा मोठेपणा! दुसरं कोण सांगतं? तक्रार-बिक्रार मी काही करणार नाही, नोकरीची काळजी करू नका."

एवढ्यात झालं त्याचं. मला माफ करायला त्याला एक मिनिट लागलं नाही. पंधरा दिवस जिने रोज पाय धरले, ती दारात उभी राहून हे ऐकत होती.

"आणि आता हिला तांबी आहेच," तो पुढे म्हणाला, "म्हणजे माझं ऑपरेशन पक्कं की कच्चं, तो प्रश्नच मिटला. शकु, सिस्टरना चहा टाक गं."

शकु हलली नाही. भावाकडे बघून म्हणाली, "दादा, चला."

"कुठं?"

"गावाला. न्यायला आलात ना?"

भाऊ हसला. आल्यापासून पहिल्यांदाच हसला असेल तो. "आता कशाला गं? दाजींचा गैरसमज गेला, सगळं मिटलं."

"मला यायचंय."

"उगाच ताणू नको, शकु. सोन्यासारखा माणूस आहे. दुसऱ्या कोणी एवढंपण ऐकून घेतलं नसतं."

"मी काय केलं होतं, ते ह्यांनी ऐकून घ्यायला?"

 कुंडलिक माझ्याकडे बघून समजुतीचं हसला. "रागावलीय. दोन दिवसांत होईल शांत. अंगातपण बरं नाही ना तिच्या."

मग शकुने माझ्याकडे बघितलं. खोलीत तिच्या बाजूने बोलू शकेल असं माणूस आता मीच होते. घेऊन जा हो हिला चार दिवस, माहेरी विसावा मिळेल, एवढं मी म्हटलं असतं तरी भावाने ऐकलं असतं. सिस्टरचा शब्द होता. पण नोकरी वाचली होती, आणि ते घर असं पुन्हा नीट झालेलं मला हवं होतं. माझ्यासाठीच हवं होतं.

"शकु, कुंडलिक चांगला माणूस आहे," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जसं काही मी औषधाची वेळ सांगितली. स्टो पेटवला. चहा केला, तीन कपांत ओतला, तिघांच्या हातात दिला. कुंडलिक मेहुण्याला गावाकडच्या पावसापाण्याचं विचारू लागला. शकु दाराशी बोचक्यापुढे बसली. गाठ तिने अशी काही आवळली होती की बोटांनी सुटेना. ती दातांनी सोडवत होती, आणि आम्ही तिघं चहा पीत होतो.