मला गळका ठरवलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा जग आहे. कारखान्यात मला दाबून, वळवून आकार दिला, कान जोडला आणि असं चकचकीत घासलं, की दुकानात एका नव्या नवरीने माझ्यात बघून केस सारखे केले आणि मलाच उचललं. तीच आज आमच्या घरची सासूबाई. रोजच्या जेवणाला टेबलावर मी हवाच. पाहुणे कौतुक करत, "वा, काय दणकट जग आहे!" खोटं कशाला सांगू, मी फुशारून जायचो.

मग घरात सून आली आणि तिच्यामागोमाग पहिला फ्रिज आला. सुनेने हौसेने मला भरून फ्रिजमध्ये ठेवलं. जेवायच्या वेळी टेबलावर आणलं आणि बघता बघता माझ्या बुडाशी पाण्याचं तळं!

"इतक्या वर्षांत एक थेंब गळला नाही," सासूबाई कडाडल्या. "आपटलास ना गं? निदान सांगायचं तरी!"

"नाही हो आई, खरंच नाही." पोर रडवेली झाली.

माझी रवानगी भंगाराच्या पिशवीत झाली. मोडीत निघायची भीती होतीच, पण माझ्यापायी तिच्यावर आळ आला, हे जास्त लागलं. मला तोंड आहे ते पाणी ओतण्यापुरतं. बोलणार कसा?

दुसऱ्या दिवशी सुनेने मला पिशवीतून काढून विसळलं, फ्रिजमधलं लालभडक, गोडमिट्ट सरबत माझ्यात ओतलं आणि सासूबाईंपुढे ठेवलं. थोड्या वेळात माझ्या अंगावर थेंब जमले.

"आई, हे बोटाने चाखा बरं."

सासूबाईंनी चाखलं. "अगोबाई! हे तर नुसतं पाणी. रंगही नाही!"

"आतलं झिरपलं असतं तर गोड लागलं असतं ना? हवेत वाफ असते. ती गार भांड्याला लागली की तिचं पाणी होतं."

सासूबाईंनी पेले मांडले. मग त्यांनी पहिला पेला भरून सुनेच्या हातात दिला. "चुकलंच माझं. उगाच तुझ्यावर खापर फोडलं."

सून हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. माझा जीव भांड्यात पडला. मी स्वतःच भांडं, त्यामुळे त्याला फार लांब जावं लागलं नाही!

मित्रांनो, गार भांड्याला घाम आला तर फडक्याने पुसा, बिचाऱ्याला भंगारात काढू नका. आणि घरातल्या माणसाला बोल लावण्याआधी एक थेंब चाखून बघायला काय जातं?