चार्जरचा खटका

त्याने किटलीचा प्लग सॉकेटमध्ये खुपसला. इन्व्हर्टर एकदाच चिरकला आणि गप्प झाला.

"अरे, मी तुझं काय घोडं मारलंय?"

आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला हा एवढासा डबा आठवडाभर नाचवत होता. संताप संताप झाला होता नुसता.

कॅम्पर दारासमोर उभा होता. आत एक पलंग, एक ओटा, भिंतीत सॉकेट. लेकीला दूर धरणाच्या कामावर माती तपासायची नोकरी लागली होती. तिथे राहायला खोली नाही, म्हणून गाडीमागे ओढून न्यायचं हे घर. "मी एकटी राहीन, मला काही होत नाही," असं तिने सगळ्या नातेवाइकांना ठणकावून सांगितलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि रात्री घरातल्या वेगळ्या चार्जरवर भरलेली बॅटरी रोज सकाळी पार रिकामी.

"बाबा, नाही जमत तर राहू दे," लेक पायरीवरून म्हणाली. "मी कळवते त्यांना."

"न जमायला काय झालं? डोकं नको खाऊ."

चरफडत त्याने तारा पुन्हा चाचपल्या. मग खटक्यांच्या पेटीचं झाकण उघडलं. चार्जरचा खटका चालू होता.

तो बंदच हवा. नाहीतर कॅम्परमधला चार्जर इन्व्हर्टरकडून वीज घेतो, इन्व्हर्टर बॅटरीकडून, आणि बॅटरी स्वतःलाच भरता भरता संपते. त्याने तो स्वतः बंद करून वर चिकटपट्टी लावली होती. लेकीला समजावूनही सांगितलं होतं. पट्टी जागेवर होती, पण तिचं टोक आत दुमडलेलं. पुढच्या वेळी चटकन सापडावं म्हणून टोक दुमडायची सवय घरात लेकीला एकटीलाच होती, वह्यांना कव्हरं घालायची तेव्हापासून.

तोंडाशी आलेली शिवी त्याने गिळली. पायरीकडे न बघता खटका बंद केला.

"सापडलं?" तिने विचारलं.

"सापडलं. तार सैल होती."

"म्हणजे सोमवारी निघायचं." आवाज अगदी बारीक झाला होता.

"निघायचं. पण पहिले काही दिवस मी येतो सोबत. खाली झोपेन. या इन्व्हर्टरचा काही भरवसा नाही."

"हो ना," ती घाईघाईने म्हणाली. "अजिबात नाही."

त्याने पट्टी पुन्हा लावली आणि तिचं टोक तसंच दुमडून ठेवलं.