साच्यांवरचे लाल थेंब

गुड फ्रायडेच्या सकाळी टॅनर्स क्रीक गावातल्या चीज फॅक्टरीबाहेर गाड्यांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत गेली होती. बायका डोक्यावर रुमाल बांधून आल्या होत्या. लग्न नाहीतर मयत असल्याशिवाय चर्चकडे न फिरकणारे शेतकरीही टोप्या हातात घेऊन गुपचूप उभे होते. आत स्टीलच्या टेबलावर, काचेच्या झाकणाखाली, ताज्या रिकोटा चीजचा पांढराशुभ्र गोळा ठेवला होता. त्याच्यावर लाल थेंब होते. आदल्या दिवशी साच्यात भरलं तेव्हा ते नव्हते. शीतघरात जागा उरली नाही म्हणून काही साचे रात्रभर बाहेर यंत्राच्या पट्ट्यावरच राहिले होते आणि सकाळी उघडून बघतात तो हे.

टेबलाशेजारी ओराझियो उभा होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस स्विमिंग पूल साफ करून द्यायचा. मग त्याला म्हणे स्वप्न पडलं आणि तो ‘ब्रदर ओराझियो’ झाला.

"गाईनं काय दिलं? दूध," तो हळू आवाजात सांगत होता. "दुधाचं काय झालं? चीज. आणि चीजवर हे काय उमटलं? आज, या दिवशी? मी नाही सांगणार. मी कोण सांगणारा? मी तर नुसता नळ. पाणी वरून येतं."

"या नळाला तोटी बसवायची राहिली," रांगेतला एक म्हातारा पुटपुटला. बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं.

फॅक्टरीची सगळी जबाबदारी ओर्नेलावर होती. सासऱ्यांनी दुधाच्या चार कॅनवर सुरू केलेला हा धंदा तिनं आणि तिच्या नवऱ्यानं वाढवला होता. नवरा दूध संकलनाचं बघायचा, फॅक्टरी ही बघायची. अन्नप्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेली गावातली ती एकटीच. ते थेंब बघताच तिची नजर आपोआप वर गेली होती. साचे पुढे सरकवणाऱ्या पट्ट्याची मोटर बरोबर साच्यांच्या डोक्यावर, लोखंडी पुलावर बसवलेली होती. मोटरीच्या बुडाशी एक गुलाबीसर थेंब लोंबत होता.

तिनं नजर खाली घेतली. खाली तिची सासू गुडघे टेकून बसली होती.

जिल्दा, तिची सासू, नवरा गेल्यापासून घराबाहेर पडली नव्हती. जेवणाच्या टेबलावर हूं की चूं करत नसे. त्या दिवशी कुणीतरी फोनवर सांगितलं आणि ती चपला घालून फॅक्टरीत चालत आली. आता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ओर्नेलाचा हात धरून म्हणत होती, "बघ, त्यांच्या फॅक्टरीत आलं हे. त्यांच्याच फॅक्टरीत."

"हो मम्मा," ओर्नेला म्हणाली.

एवढंच ती बोलली. नंतर कितीतरी दिवस तिला ते दोन शब्द आठवत राहिले.

लाल डागांचे साचे तिनं बाजूला काढले. बाकीचा माल मात्र दुकानांत गेला. मोटरीचं बूड तिनं स्वतः पुसलं, कोणी नसताना. ईस्टरची विक्री झाली की बघू, असं तिनं मनाला समजावलं. गेल्या वसंतात यंत्रांच्या कंपनीचा एक माणूस येऊन गेला होता. अन्नाच्या कारखान्यात असली मोटर चालत नाही, असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. तेव्हाही ती म्हणाली होती, ईस्टर होऊ दे.

ओराझियोनं डागांचा तो गोळा मागितला. जिल्दानं तो त्याला भक्तिभावानं दिला आणि त्यानं तो खिशातल्या रुमालात बांधून नेला. आणि मग खरी गंमत सुरू झाली.

ओराझियो घरोघर बैठका घेऊ लागला. ज्याच्या घरी जाईल तिथे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा पोलेंटा शिजवायला सांगायचा. तो ताटलीत थापला की तीन बोटांनी त्याला स्पर्श करायचा, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा आणि वर काचेचा वाडगा पालथा घालून चिकटपट्टी लावायचा. "कुलूप घाला, पहारा ठेवा, पोलीस बसवा," तो म्हणायचा. "मी घरी जाऊन झोपतो." दुसऱ्या दिवशी पोलेंट्यावर लाल ठिपके. लोक ते ठिपके कापसानं टिपून जपून ठेवू लागले. कुणी कपाळाला लावलं, कुणी गुडघ्याला, कुणी गाईच्या सडाला.

निवेसनं पायाला लावलं.

निवेस मावशी फॅक्टरीत पॅकिंगला होती. ओर्नेला नवी नवरी म्हणून आली तेव्हा रिकोटा साच्यात कसा सोडायचा हे तिला निवेसनंच शिकवलं होतं. मावशीला मधुमेह होता आणि पायाच्या बोटांमधली एक जखम काही केल्या भरत नव्हती. ओराझियोनं तिला सांगितलं, "मलम आणि हे, दोन्ही कसं चालेल? देवाला काय वाटेल?" तिनं मलम बंद केलं. ओर्नेलानं एकदा तिला लंगडताना बघून विचारलंही होतं.

"बरं वाटतंय गं," निवेस म्हणाली. "थोडं ठणकतंय. ब्रदर म्हणतात, ठणकणं म्हणजे आतलं बाहेर येतंय."

"डॉक्टरांना दाखव एकदा."

"तू नाही ना विश्वास ठेवत?" निवेसनं तिच्याकडे रोखून बघितलं. "तू शिकलेली. खोटं असेल तर सांग मला. मी आजच धुवून टाकते."

ओर्नेलाच्या ओठावर आलं होतं. पण पलीकडे जिल्दा पॅकिंगवाल्या मुलींना कॉफी देत होती, त्यांच्याशी हसत होती. "मी काय सांगणार मावशी," ओर्नेला म्हणाली आणि हिशेब बघायचा आहे असं सांगून ऑफिसात गेली.

त्या आठवड्यात निवेसला ताप भरला. पाय घोट्यापर्यंत सुजला आणि तिला गावच्या दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. तिथल्या डॉक्टर हेदर प्लमर यांनी ओर्नेलाला फोन केला.

"निवेस यांच्या जखमेत सेराशिया नावाचा जंतू वाढलाय," त्या म्हणाल्या. "ओलसर, कोमट जागी वाढतो, लाल रंग सोडतो. त्या म्हणतात, चीजवर आणि मग पोलेंट्यावर उमटलेलं पवित्र रक्त लावत होत्या. चीज तुमच्या फॅक्टरीतलं. तुम्ही या क्षेत्रातल्या आहात, हे नाव तुम्हाला नवीन नसेल."

"नाही. नवीन नाही."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

डॉक्टरांनी उत्तरासाठी ताणलं नाही. "पाय वाचेल बहुतेक," त्या म्हणाल्या. "बोटांचं सांगता येत नाही." आणि फोन ठेवला.

ओर्नेलानं त्याच दुपारी पट्टा थांबवला. अन्न खात्याला स्वतः फोन करून दुकानांतला माल परत मागवला. मग फिटरला बोलावून ती मोटर पुलावरून खाली उतरवली आणि जमिनीवर उताणी करून तिच्यापुढे उकिडवी बसली.

आत कुठं काय असेल याची तिला कल्पना होती. मोटर गार राहावी म्हणून अंगावर पत्र्याच्या पाती असतात, त्यांच्या खाचांत फाटलेल्या दुधाच्या निवळीचा घट्ट, गुलाबी गाळ बसला होता. नावाची पट्टी रिबिटांनी ठोकलेली, तिच्या मागं तसाच थर. मोटरीचे पाय पुलाला सपाट चिकटून बसलेले, त्या फटीत बोट जाईना, फडकं कुठून जाणार? रोज संध्याकाळी सगळे मन लावून नळीच्या जोरदार पाण्यानं यंत्र धूत होते. ते पाणी घाण फटीत आणखी आत ढकलत होतं. मोटर दिवसभर कोमट. ओल, ऊब आणि दूध. एवढं मिळाल्यावर जंतूला आणखी काय पाहिजे? पाणी साठलं की थेंब होऊन खाली टपकायचं, आणि खाली उघडे साचे.

यंत्रांच्या कंपनीच्या त्या माणसानं हेच दाखवलं होतं. नव्या मोटरीचं अंग अंड्यासारखं गुळगुळीत, पाती नाहीत, पंखा नाही, उघडे बोल्ट नाहीत. पाणी पडलं की ओघळून जावं असा उतार. गोल पायांवर उंच बसवलेली, खालून हात फिरवता येईल अशी. आणि साच्यांच्या वर नाही, कडेला. तिनं माहितीपत्रक ड्रॉवरमध्ये टाकलं होतं.

शनिवारी तिनं चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. ओराझियोलाही.

टेबलावर पांढऱ्या पोलेंट्याच्या तीन ताटल्या होत्या, नुकत्याच शिजवलेल्या, वाफाळत्या. गार होईपर्यंत त्यांच्यावर उकळत्या पाण्यातून काढलेले काचेचे वाडगे पालथे होते.

"ब्रदर, पहिल्या ताटलीला आशीर्वाद द्या," ताटल्या गार झाल्यावर ओर्नेला म्हणाली. "पण वाडगा न उचलता."

ओराझियो मंद हसला. "स्पर्शाशिवाय कृपा कशी उतरणार, मुली?"

"आमच्या चीजवर उतरली तेव्हा कुणी स्पर्श केला होता?"

मागून कुणीतरी म्हणालं, "द्या ना ब्रदर. तुम्ही तर नळ. पाणी वरून येणार."

त्याला द्यावा लागला. दुसऱ्या ताटलीला त्यानं नेहमीच्या रीतीनं आशीर्वाद दिला, खिशातल्या रुमालाला बोटं पुसून, तीन बोटं टेकवून. तिसऱ्या ताटलीपाशी ओर्नेला स्वतः गेली. तिनं मोटरीच्या खाचेतून कापसाच्या काडीवर घेतलेला गाळ पोलेंट्याला लावला आणि प्रार्थनेऐवजी भांड्यांच्या साबणाच्या डब्यावरची सूचना मोठ्यानं वाचली. दोघं-तिघं हसले. जिल्दा हसली नाही.

तिन्ही ताटल्या हॉलच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या उबदार कपाटात ठेवल्या. कुलपाची किल्ली ओर्नेलानं सासूच्या हातात दिली.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर जिल्दानंच कपाट उघडलं आणि एकेक ताटली बाहेर आणली. पहिली ठेवली तशी पांढरी. दुसरीवर लाल ठिपक्यांचे तीन पुंजके, तीन बोटांच्या टोकांएवढे. तिसरी काडी फिरवली होती तिथे सगळीकडे लालभडक.

"साबणाच्या डब्याला जास्त पावलं," तो रांगेतला म्हातारा म्हणाला. या वेळी बायकोनं ढोसलं नाही.

"रुमाल दाखवा," ओर्नेला ओराझियोला म्हणाली. "डागांचा गोळा त्यात बांधून नेला होतात ना? त्यालाच बोटं पुसता. स्विमिंग पूल साफ करताना कडेची हीच गुलाबी बुळबुळ तुम्हीच खरवडायचात. ती कशानं मरते हे तुमच्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं."

"शंकेखोर डोळ्यांना..." ओराझियोनं सुरुवात केली, पण ऐकणाऱ्यांच्या माना ताटल्यांकडे वळलेल्या होत्या. तो बाजूच्या दारानं निघून गेला. कुणी अडवलं नाही.

ओर्नेलानं हॉलमध्ये आणून चादरीखाली झाकलेली मोटर उघडी केली. खाचा दाखवल्या, चिकटलेले पाय दाखवले, थेंब कुठून पडत होता ते दाखवलं. लोक एकेक करून पुढे येऊन वाकून बघत होते आणि नाकाला रुमाल लावून मागे सरत होते. ती इथे थांबू शकली असती. लोक तिला शाबासकी द्यायला तयारच होते.

"आणखी एक सांगायचंय," ती म्हणाली. "हे मला आज कळलेलं नाही. पहिल्याच दिवशी मी वर बघितलं होतं. थेंब मला दिसला होता."

जिल्दा किल्ली मुठीत धरून उभी होती.

"मी गुडघे टेकले होते तेव्हा?" तिनं विचारलं.

"हो मम्मा."

"आणि तू मला तसंच बसू दिलंस."

"तुम्ही कितीतरी दिवसांनी घराबाहेर पडला होता. मला वाटलं..."

"मला बाहेर काढायला खोटं लागतं, असं वाटलं तुला." जिल्दानं किल्ली टेबलावर ठेवली. "निवेसनं विचारलं होतं का तुला?"

ओर्नेलानं मान खाली घातली. जिल्दा एकटीच चालत घरी गेली, सुनेच्या गाडीत बसली नाही.

निवेसच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. ओर्नेला भेटायला गेली तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, पाय पांढऱ्या बँडेजात. ओर्नेला दारातच घुटमळली. फळांची पिशवी कुठे ठेवावी हे तिला कळेना.

"ये, बस," निवेस म्हणाली. "जिल्दा येऊन गेली. सांगितलं तिनं सगळं."

"मावशी, मी..."

"माफी मागू नकोस, मी देणार नाही. निदान आत्ता नाही." निवेसनं पांघरूण सारखं केलं. "ओराझियोचं मला एवढं वाईट नाही वाटत. तो लबाड आहे हे कुठंतरी ठाऊक होतं मला. पण मी त्याच्यावर नव्हता विश्वास ठेवला. मी तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, ही शिकलेली पोर गप्प आहे, म्हणजे खरंच असणार."

ओर्नेलानं फळांची पिशवी खाली ठेवली.

"मोटर बदललीस?" निवेसनं विचारलं.

"बदलली. आता कडेला आहे. साच्यांच्या वर काहीच नाही."

"चांगलं केलंस. पण मोटर बदलून भागणार नाही." निवेसनं तिचा हात ओढून तिला खुर्चीवर बसवलं. "उद्या दुसरा कुणी येईल. दुसरं काहीतरी ठिबकेल. सगळे खाली मान घालून बसतील, मीही बसेन कदाचित, म्हातारी आहे, भीती वाटते. तेव्हा तू वर बघ. आणि जे दिसेल ते त्याच वेळी, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल. मी रडले तरी बोल."