पाटावरची झांज

मीरासाबांनी चाचणीचा सूर काढणाऱ्या ऑसिलेटरचं बटण पन्नास हर्ट्झवरून चाळीसवर आणलं. स्पीकरच्या पेटीतून जाड घुमारा उठला. त्यांनी मीटरची सुई पाहिली आणि कागदावर ठिपका दिला. माइक त्यांच्या खुर्चीलाच, कानाच्या उंचीवर बांधलेला होता. सगळे ठिपके शहाण्यासारखे एका ओळीत बसले; एकही सूर कमी-जास्त नव्हता.

टॉकीजमध्ये ऑपरेटर असताना मोडीतला पंधरा इंची स्पीकर आणून त्यांनी ही कपाटाएवढी पेटी बांधली, त्याला अकरा वर्षं झाली. तेवढी वर्षं तिच्या घुमण्याशी त्यांचं भांडण चाललं होतं. आज भरदुपारी ते मिटलं, आणि सांगायला घरात माणूस नव्हतं. त्यांची बायको खतिजा वारली, त्याला आठ महिने झाले होते.

म्हणून गारगोटीहून मेव्हणी सुलतानबी आली, तेव्हा त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. पट्टणकोडोलीच्या जत्रेत स्वतः भरून आणलेली धनगरी ढोलांची टेप लावली. सुलतानबी स्वयंपाकघराच्या दाराशी, खतिजाच्या नेहमीच्या पाटावर बसली आणि तिनं लसूण सोलायला घेतला.

“कसं वाटतंय?”

“झांज झ्याक वाजतीया की, दाजी.”

“झांज न्हवं गं. ढोल!”

“ढोल कुठं हाय?”

मीरासाब हसले. पहिल्या वर्षी खतिजानंही हेच विचारलं होतं. “तुला कानच न्हाईत,” असं ते चारचौघांत म्हणाले होते. त्यानंतर ती कायम ‘चांगलंय’ म्हणत राहिली. बहिणी बहिणी, कानही सारखेच. पण मापल्याशिवाय बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी माइक सोडला, सुलतानबीच्या कानाशी धरला आणि टेप थांबवून पुन्हा चाळीसचा सूर लावला.

सुई तळाशी पडून राहिली.

त्यांनी इक्वलायझरवरची जाड सूर वाढवायची दांडी पार वर सरकवली. खिडकीची तावदानं थरथरली, सुई जागची हलली नाही. त्यांच्या लगेच ध्यानात आलं. पेटीचा जाड आवाज आणि भिंतीवरून परतणारा त्याचाच पडसाद नेमके या पाटापाशी एकमेकांना गिळत होते. त्याला दांडी चालत नाही, पेटीच हलवावी लागते. अर्ध्या तासाचं काम. अकरा वर्षांत माइक सहा हात इकडे आला नव्हता. मीरासाबांना स्वतःची लाज वाटली.

“खतिजाला ढोल कधी ऐकूच आला न्हाय,” ते म्हणाले.

“आला की. तुमी डुटीवर गेला की आपा तुमच्या खुर्चीत बसायची. दोनदोनदा लावायची टेप.”

“मग मला बोलली का न्हाय?”

“म्हणायची, किती जीव लावून ऐकत्यात. खुर्चीतनं उठवायचं कशाला?”

मीरासाबांनी माइक खाली ठेवला. मग त्यांनी टेप मागे फिरवून पहिल्यापासून लावली.

“सुलतान, तू खुर्चीत बैस.”

“आणि तुमी?”

ते पाटावर टेकले. इथून नुसती झांज ऐकू येत होती. ती त्यांनी टेप संपेपर्यंत ऐकली.