लॅबमधल्यांसाठी बनाना ब्रेड

विणकामाच्या सुईच्या टोकाला अजूनही ओलं पीठ... तिनं सुई पुसली, पुन्हा खुपसली. कडेला कोरडी येते, मधोमध चिकट. वरून मात्र कसं छान फुगलंय! आणखी ठेवावं तर करपेल, आणि करपलेलं नेलं तर म्हणतील, एवढंही धड जमत नाही हिला. कच्चं नेलं तर — काही म्हणणारच नाहीत. हल्ली कुठे काय म्हणतात!

"माझी सुई कुठंय गं?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं.

"आणते, आई."

"आता स्वेटरला केळ्याचा वास येणार!"

नवरा हसला. "अगं, केक आहे, ऑपरेशन नाही. दोन बिस्किटांचे पुडे घे नि जा."

याला काय सांगायचं, कपाळ! बिस्किटं कोणीही नेतं. घरी केलेलं नेलं की... की काय? माफी मागितल्यासारखं होतं? काळी पडलेली केळी काट्यानं कुस्करताना हेच डोक्यात घोळत होतं. मी का माफी मागू? लॅबमधल्या मोठ्या मॅडम रक्त घ्यायच्या आणि नळ्या तशाच ट्रेमध्ये ठेवून द्यायच्या — "लेबलं मागाहून लावू, माझ्या सगळं लक्षात असतं." असायचंही, वर्षानुवर्षं. मग एकदा दोन नळ्यांची अदलाबदल झाली, एका धडधाकट माणसाला साखरेची औषधं सुरू झाली, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं पाहिलं होतं ते सांगितलं. पाहिलं सगळ्यांनीच होतं; बाकीच्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मॅडमची बदली झाली, आणि जेवणाच्या टेबलावर तिच्यासाठी सरकून जागा करणं बंद झालं. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर किती बरं झालं असतं.

दुपारी तिनं टेबलावर डबा उघडला, तेव्हा सगळ्यांचे चमचे थांबले.

"वाढदिवस आहे का?" रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं.

"नाही, सहजच. केळी फार पिकली होती." खोटं. कागदात गुंडाळून मुद्दाम पिकवली होती.

बाईंनी तुकडा उचलला. नेमका मधलाच! ती त्यांच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत राहिली — लागला असेल चिकट गोळा, आता थुंकतील...

"अगं, मस्त झालंय!" बाई म्हणाल्या. चष्मेवाल्या टेक्निशियननं दोन तुकडे एकदम घेतले आणि सरकून जागा केली. "बस ना, उभी काय!"

ती बसली. बाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला — मायेनं, अगदी खऱ्या मायेनं. "जाऊ दे आता. मॅडमनाही सांगेन मी, तुला वाईट वाटतंय म्हणून. होते चूक माणसाच्या हातून. आम्ही नाही मनात ठेवलं."

माझ्या हातून? शब्द ओठांपर्यंत आले — चूक माझी नव्हती, बाई. सगळे तिच्याकडे बघत होते, कितीतरी दिवसांनी, नजर न चुकवता.

"अजून घ्या ना," ती म्हणाली.

मग गप्पा सुरू झाल्या, कोणाच्या सुट्टीच्या, कोणाच्या घरमालकाच्या. चष्मेवाल्यानं काहीतरी विनोद केला आणि ती हसली. नुसतं दाखवायला नव्हे, पोटातून हसली, आणि त्या हसण्याचीच तिला भीती वाटली. उद्या डॉक्टरांनी पुन्हा काही विचारलं तर... तर सांगेन, मी सांगेनच, असं ती मनाशी म्हणाली. पण मनानं लगेच होकार दिला नाही.