आधी वजन येऊ दे

सासऱ्यांचं अख्खं आयुष्य गाड्यांच्या पोटाखाली गेलेलं. सुनेची गाडी दारातला खड्डा ओलांडताना मागून ‘खडक्’ वाजली आणि त्यांनी घरात बसूनच निदान केलं: मागचा लोअर आर्म. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी हात. त्याच्या टोकाचं रबर गेलं होतं.

“गॅरेजला टाकते,” सून म्हणाली.

“का? मी काय मेलोय?”

सुट्टीच्या दिवशी त्यांनी नवा आर्म आणला. जॅकने गाडी उचलून खाली आधाराची लोखंडी घोडी लावली, चाक काढलं, चाक ज्यावर बसतं तो हब लोंबू नये म्हणून त्याला दुसऱ्या जॅकचा टेकू दिला. इथवर सगळं झकास. मग आडवं होऊन बोल्टवर पाना बसवायला गेले, तर पाना घसरला. पुन्हा घसरला. उजवा हात ऐकेचना, नुसता थरथरत होता. पाना खणकन फरशीवर पडला, तसे ते डोळे मिटून तिथेच पडून राहिले. बाहेर येऊन तोंड कसं दाखवायचं?

शेजारी चटई सरकली. नवऱ्याचा जुना शर्ट घालून सून आत आली.

“कधीपासून, बाबा?”

“काय कधीपासून?”

“मी नर्स आहे. तुम्ही चहा अर्धा कप मागायला लागलात, तेव्हाच कळलं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, तुमचं तुम्ही सांगाल.”

त्यांनी डाव्या हाताने पाना तिच्याकडे सरकवला.

“घे तो पाना,” ते म्हणाले. “आणि घाई नको. आधी बोल्टला तेल पिऊ दे.”

तेल पाजूनही बोल्ट ढिम्म.

“तुमच्या मुलावर गेलाय. गोडीगुलाबीने ऐकत नाही.”

“मग हाण हातोडी!”

दोघंही हसत सुटली, आणि दोन ठोक्यांत बोल्टही सुटला.

नवा आर्म बसवताना भोकं जुळेनात. सासऱ्यांनी हबखालचा जॅक कणाकणाने वर घेतला. जॅकच्या दांड्याला हात थरथरलेला चालत होता. बोल्ट आत सरकला, तशी सून जोर लावून आवळायला लागली.

“थांब! चाक लटकत असताना आवळलंस तर रबर पिळलं जाईल, लवकर फाटेल. आधी वजन येऊ दे.”

चाक लावून गाडी खाली उतरवली. मग तिने कडेने लांब दांड्याचा पाना घालून बोल्ट पक्के केले. ते शेजारी उकिडवे बसून बघत होते. आपला हात जिथे थांबला असता, नेमका तिथेच तिचा थांबला.

दोघं चक्कर मारायला निघाली. गतिरोधक आला, गेला. मागून हूं की चूं नाही.

“आता चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायला हवं,” ते म्हणाले.

“आधी तुमचं. उद्या डॉक्टरांकडे जायचं.”

सासरे म्हणाले, “बरं. पण तू आत यायचं. बाहेर बसायचं नाही.”