मलपृष्ठाकडचा हत्ती

इतकं प्रेम आहे, तर पहिल्याच पानावर सांगून का टाकत नाहीत?

हा माझा प्रश्न. जन्मभर विचारला, उत्तर कुणी दिलं नाही. मी कोण? मी एक लाकडी हत्ती. वीतभर उंच, सोंड किंचित वाकडी. पुस्तकांची रांग पडू नये म्हणून दोन टोकांना दोन हत्ती लावतात ना, त्यांतला डावीकडचा. धाकटा.

सुताराने आधी दादाला घडवलं. रुंद कपाळ, भरभक्कम पाय. मग उरलेल्या तुकड्यातून मला काढलं, म्हणून मी अंगाने जरा बारीक. धाकट्याच्या वाट्याला काय येतं ते धाकट्यांना विचारा. फळीवरही तेच झालं. पुस्तकं उभी लावली की उजव्या टोकाला मुखपृष्ठ येतं आणि डाव्या टोकाला मलपृष्ठ. दादाच्या कपाळाला चित्रं, रंग, झोकदार अक्षरं. माझ्या कपाळाला प्रकाशकाचा पत्ता. माझं शिक्षण तेवढ्यावरच थांबलं.

आमची तोंडं समोरासमोर होती, पण मधे अख्खी रांग. सुताराकडून खोक्यात आलो तेव्हा पाठीला पाठ होती. म्हणजे दादाला मी कधी नीट पाहिलंच नाही. तो ढकलायचा ते पुस्तकांतून माझ्यापर्यंत पोचायचं, मी ढकलायचो ते त्याच्यापर्यंत. आमची रोजची भेट ती एवढीच.

आमची मालकीण म्हणजे ताई. तिचं एका खोलीचं वाचनालय. तिला सगळे ताईच म्हणायचे, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. येणारा जो तो दारातूनच विचारायचा, "ताई, मंद आचेवरचं काही नवीन आलंय का?" एकदा एक नवखा माणूस हे ऐकून आल्यापावली परत गेला. त्याला वाटलं, खाणावळ आहे.

मंद आचेवरचं म्हणजे हळूहळू रंगणारी प्रेमाची कादंबरी. आजकालची माणसं, आजकालच्या नोकऱ्या, आणि मनातलं ओठांवर यायला तीनशे पानं. वाचकांनी आवडते लेखक वाचून संपवले होते. म्हणून ताईने नवे लेखक शोधायला घेतले. ज्यांचं पहिलंच पुस्तक आहे, नाव कुणी ऐकलेलं नाही, अशांची एक रांग लावली. ती रांग आमच्या दोघांच्या मधे होती.

आता नव्या लेखकावर विश्वास कसा ठेवायचा? ताईने युक्ती काढली. पुस्तकात त्या दोघांचे हात पहिल्यांदा एकमेकांना लागतात, त्या पानात वाचकाने काडेपेटीतली, गुल काढलेली एक काडी ठेवायची. पुढचा वाचक पुस्तक हातात घेऊन वरून बघणार. काडी पुढेच असली तर नाक मुरडणार, "छे, हे भलतंच उतावळं दिसतंय." काडी पार मागे असली की चेहरा खुलणार.

यावरून भांडणं काय कमी झाली? बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी एका कादंबरीत अकराव्याच पानात काडी ठेवली.

"काका, अहो इथे तर तो तिला नुसतं पेन देतोय."

"देताना बोटं लागली की!"

"पेन देताना लागलेली बोटं धरत नाहीत."

"का धरत नाहीत? आम्ही चाळीस वर्षं काउंटरवर होतो. कुणाची बोटं नुसती लागतात आणि कुणाची रेंगाळतात, ते आम्हाला विचारा."

मी पलीकडे ओरडायचो, "दादा, बोटं लागली म्हणे! आता तरी सांगतोय का तो?"

दादा म्हणायचा, "गप रे. ढकल."

मग दादा गेला.

ताई फळी पुसत होती. फडक्याचा दोरा दादाच्या सोंडेत अडकला आणि तो खाली आला. लाकडात एक रेष होती, तिच्यावरच दोन तुकडे. ताईने डिंक लावून पाहिला, दोऱ्याने आवळून पाहिलं. नाही बसला. तिने दोन्ही तुकडे कागदात गुंडाळले, टेबलाच्या खणात ठेवले आणि त्याच्या जागी एक वीट उभी केली. वीट! माणसांच्यात कुणी गेलं तर चार जण येतात, पाठीवर हात ठेवतात. माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. मी ढकलत राहिलो. पलीकडून काही आलं नाही. वीट ढकलत नाही, नुसती उभी असते.

त्या दिवसांत माझ्या कपाळाला एकच पुस्तक होतं. नाव 'आणखी एक पायरी', मुखपृष्ठावर जिना. समोरच्या चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीने ते आणून दिलं होतं. "माझ्या एका मैत्रिणीचं आहे," ती म्हणाली होती. लेखिकेचं नाव टोपण होतं. ताईने तिच्या बोटांवरचे शाईचे डाग पाहिले आणि पुस्तक रांगेत लावलं.

पुस्तक कुणी नेत नव्हतं. नाव वाचायचे, जिना बघायचे आणि समजायचे, आयुष्यात यशस्वी कसं व्हावं यावरचं आहे. बँकेतले काका तर म्हणाले, "आता कशाला? झालो की आम्ही यशस्वी."

चष्मेवाली रोज जेवणाच्या सुट्टीत यायची. इकडचं तिकडचं बघायची, मग हळूच त्या पुस्तकाच्या माथ्यावरून बोट फिरवायची. काडी नाही. परत जायची.

एक दिवस ताई म्हणाली, "उद्या रांग चाळायची आहे. ज्यांत काडी लागली नाही ती ज्याची त्याला परत. जागाच नाही गं."

"मैत्रिणीला सांगते," चष्मेवाली म्हणाली. मग पुढे म्हणाली, "ती दुसरी कादंबरी लिहितेय. हे परत आलं तर ती पण बंद करणार म्हणाली."

"तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, रुसू नको."

"ती रुसत नाहीये, ताई. तिला वाटतंय, आपल्याला जमतच नाही."

संध्याकाळी शिवणवाल्या मावशी आल्या. नाकावर चष्मा, गळ्यात टेप, काखेत पिशवी. "ताई, नवं दे गं कुणाचं तरी. मंद आच हवी. गेल्या वेळचे ते दोघं पन्नासाव्या पानातच गळ्यात पडले. मला कसं झालं माहितेय? शिवायला घेतलं आणि उसवूनच निघालं."

त्या माझ्या समोर उभ्या राहिल्या. एकेका पुस्तकावरून नजर फिरवत आल्या. 'आणखी एक पायरी'पाशी पोचल्या, म्हणाल्या, "हे नको, उपदेश असेल," आणि वळल्या.

दादा असता तर म्हणाला असता, थांब जरा. पण दादा नव्हता. मी कपाळ काढून घेतलं.

अख्खी रांग डावीकडे आली. मी फळीवरून खाली, माझ्यामागे ते पुस्तक, थेट मावशींच्या पायावर. माझा पुढचा एक पाय मोडला.

"अगं आई गं!" मावशी खाली वाकल्या. पुस्तक मधेच उघडलं होतं. त्यांनी उचललं आणि उभ्या उभ्या वाचलं, "'शिडी परत द्यायला आलो होतो,' तो म्हणाला. शिडी त्याने आणलीच नव्हती."

मावशींनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "अगं बाई! हा तर पक्का मंद आचेवरचा, आपल्यातला निघाला!"

"घेऊन जा ना मग," ताई म्हणाली. माझ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. "आता हाही गेला बघा."

"याला मी नेते. कापडावर ठेवायला वजन हवंच आहे मला."

मावशींनी मला पिशवीत टाकलं. निघताना टेबलाचा खण बंद होता.

तेव्हापासून मी शिवणयंत्राशेजारी असतो. दोन्ही हात कामात असले की मावशी कादंबरी उघडी ठेवतात आणि पानांवर मला उभं करतात. आयुष्यात पहिल्यांदाच मी पुस्तकाच्या आत आलो. पत्त्यापलीकडे वाचता येत नाही ते नाहीच, पण मावशी मोठ्याने वाचतात. कादंबरीतल्या त्या दोघांनी मला वेड आणलं. तो शिडी मागून नेतो, ती आठवण करून देत नाही. ती दार उघडते, तो हवेबद्दल बोलतो.

परवा चष्मेवाली पँट आखूड करून घ्यायला आली. पुस्तक दिसलं, तशी दारातच थिजली. माझ्या पोटाखाली निम्म्याहून जास्त पानं उलटून झाली होती.

"ये ना आत. पण हळू," मावशी म्हणाल्या. "तो तिच्या दारात उभा आहे."

"काडी लागली का हो मावशी?"

"अजून कुठली! एकशे नव्वद पानं झाली, बोटसुद्धा नाही लागलं. असा छळ केलाय या बाईने! कोण आहे कोण जाणे, भेटली तर कान पिळणार आहे, आणि दुसरं पुस्तक कधी काढतेस ते विचारणार आहे."

चष्मेवालीने तोंडावर हात धरला. हसत होती का रडत, ते मला कळलं नाही. "तिने लिहायला घेतलंय," ती म्हणाली, "असं ऐकलंय."

"मग सांग तिला, घाई करू नको म्हणावं. आणि तू बस तिथे, एवढं पान ऐक."

मावशींनी पायाने यंत्र चालू केलं. वरचा पंखा गरगरत होता. त्याच्या वाऱ्याने पान उचललं. मी नुसता जरा सरकलो असतो, तरी ते उलटून मावशींनी पुढचंच वाचलं असतं आणि तो सांगतो का ते मला कळलं असतं. मी उरलेल्या तीन पायांनी जोर लावला, आणि पान दाबून धरलं.